ब्रोमीनचा पिवळा, उन्हाचा पांढरा

वैशाख. भुसावळचं आभाळ तापल्या तांब्याच्या परातीसारखं. तापीकाठच्या केळींनी माना टाकलेल्या, रस्ते निर्मनुष्य, निंबाची सावलीसुद्धा बुंध्याशी अंग चोरून बसलेली. उन्हाला शिव्या देत सारं गाव दारं लोटून घेत होतं. एकट्या विमलबाई भोळे तेवढ्या उन्हाची वाट पाहत गच्चीवर उभ्या होत्या.

चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली ही कृश, करारी बाई. समोर सतरंजीवर जुन्या संगणकाचं रिकामं कवच. एके काळी चंद्रधवल, आता हरिद्रावर्ण. लेक कल्याणी आज चारच्या गाडीनं येणार होती, आपला पहिला संगणक घेऊन जायला.

"राहू दे गं तसंच," जिन्यातून प्रल्हादराव म्हणाले. "माझंच पाप आहे ते."

सतराव्या वर्षी शिकायला घर सोडताना लेक रागानं बोलून गेली होती, "बाबा, तुमच्या बिडीनं माझा कॉम्प्युटर पिवळा केला!" त्याच क्षणी त्यांनी बिडी विझवली, ती कायमची. बोल मात्र विझला नाही. लेक विसरली, बाप विसरला नाही. धुमसत राहिलं मन, राखेखालच्या निखाऱ्यासारखं.

विमलबाईंनी साबणाचं फडकं फिरवलं. धुराचा तपकिरी थर फडक्यावर आला. पिवळा तसाच राहिला. त्यांनी कवच फिरवून पाहिलं आणि थबकल्या. डावी कड केशरपिवळी, उजवी मोगऱ्यासारखी पांढरी.

"अहो, तुम्ही कुठं बसायचात?"

"उजवीकडं. स्टुलावर."

"आणि खिडकी?"

"डावीकडं..." प्रल्हादराव जिन्यातून गच्चीवर आले.

"धूर काय बाजू बघून बसतो? आग लागू नये म्हणून ह्या प्लास्टिकात ब्रोमीन घालायचे. खिडकीतल्या उन्हानं ते पिवळं पडलं. तुमची बिडी साबणानं निघाली, हे बघा!"

ते फडक्याकडे पाहत राहिले. मग कवचाकडे. मग खळखळून हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

मग दोघांनी हातमोजे चढवले. केस रंगवणाऱ्यांकडे मिळतं ते पेरॉक्साईडचं मलम, दुधाच्या सायीसारखं दाट, सायीसारखं शुभ्र, ब्रशानं कवचावर आरपार दिसेल इतकं पातळ पसरलं. वाळू नये म्हणून वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं. वाळलं तर पट्टे उमटतील आणि मग ते कशानंच जाणार नाहीत, असं बाईंनी बजावलं. म्हणून डोक्यावर ओलं उपरणं घेऊन प्रल्हादराव पहाऱ्याला बसले. दर पाव तासानं कवच फिरवायचे, मलम सारखं करायचे. सावलीत या म्हटलं, तर मानेनंच नाही म्हणायचे.

आणि मलमावर पडून ऊन कामाला लागलं. ज्या उन्हानं डाग दिला, तेच ऊन डाग सोडवू लागलं. केशराचा झाला चाफा, चाफ्याची झाली जाई. कण कण उजळत, क्षण क्षण निवळत, हळदीतून हिमाकडे निघालेलं ते कवच पाहताना सत्तरीतला तो माणूस लहान पोरासारखा ओरडला, "विमल, आलं गं, आलं!"

साडेचारला कल्याणी गच्चीत आली. पाहतच राहिली.

"बाबा, नवाच वाटतो की हा!"

"तो पिवळा माझा नव्हता गं, पोरी," प्रल्हादराव म्हणाले. "तुझी आई सांगते, ब्रोमीनचा होता."

कल्याणीला क्षणभर काही उमगलं नाही. मग आठवलं. तिचा चेहरा उतरला. "तुम्ही एवढी वर्षं ते मनात ठेवलंत, बाबा?" ती त्यांच्या खांद्याला बिलगली. "मी भांडखोर होते हो."

"होतीस कसली? आहेस!" विमलबाई म्हणाल्या आणि बादलीभर पाण्यानं कवच धुऊन काढलं. मग दुसरी बादली, तिसरी, गच्चीभर नुसतं पाणीच पाणी. तापलेल्या फरशीवरून वाफेचे झिरझिरीत पदर उठले. तिघं अनवाणी त्या ओलाव्यात उतरली, हाश्शहुश्श करत, एकमेकांना धरत, हसत.

जिन्याकडच्या कोरड्या फरशीवर त्यांची ओली पावलं उमटत गेली. उमटत गेली आणि सुकत गेली, एक पाऊल, मग दुसरं, मग तिसरं.