नवरीच्या आईचे कोरे हात

तुम्ही खोटं बोललात, साहेब. मेंदी नव्हती.

केबिनमध्ये टेबलावर तुम्ही ते जळकं मॉड्यूल ठेवलं होतं. पंजाएवढं, काळं, मधोमध फाटलेलं. म्हणालात, "साक्रीकडच्या सोलर प्लांटवर आपलं हे मॉड्यूल बसवलेला इन्व्हर्टर फुटला. तिथे देखभालीला असलेल्या आमच्या माणसाचे डोळे गेले. आतल्या जेलखाली मेंदीचा अंश निघालाय. हा माल भरला तेव्हा तुमच्या घरी लग्न होतं ना, रुखसारबी?"

लग्न होतं. माझ्या मंतशाचं. मेहरूणच्या आमच्या गल्लीत मांडव पडला होता. बायका ओळीने हात पुढे करून बसल्या होत्या आणि माझी नणंद शहनाज मेंदीचा कोन घेऊन माझ्या मागे लागली होती.

"भाभी, शादी है की मय्यत? नवरीची आई आणि कोरे हात?"

"मला कंपनीत लाइनवर जायचंय. मेंदी चालत नाही."

"हातमोजे घालतेस ना? मग कोणाला दिसतंय?"

"दिसायचा प्रश्न नाही गं."

ती फुगून बसली. माझी लेक रडली. तरी मी हात पुढे केला नाही. इतकी वर्षं केला नव्हता. डोक्याला तेल नाही, हातात बांगडी नाही. नवरा इसाक पिंजारी, गाद्या भरतो. घरभर कापूस उडतो. म्हणून कामाचा ड्रेस मी पिशवीत बांधून खुंटीला टांगायचे आणि कंपनीत जाऊन घालायचे. इसाक म्हणायचा, "तुझ्यापेक्षा तुझ्या ड्रेसला जास्त पडदा आहे." आम्ही हसायचो.

कारण तुम्हीच शिकवलं होतं. मॉड्यूलच्या त्या छोट्या पेटीतून हजारो व्होल्ट जातात. आतल्या चिपांवर आम्ही पाकासारखं पारदर्शक जेल ओततो, तेच विजेला अडवून धरतं. जेलमध्ये केस नको, धूळ नको, आणि हवा तर अजिबात नको. म्हणून ओतल्यावर पेट्या व्हॅक्यूमच्या टाकीत ठेवायच्या. पंप हवा ओढतो, बुडबुडे वर येतात, फुटतात. जेल पाण्यासारखं नितळ दिसलं की मगच पंप बंद. मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी त्यात ठिणगी पडत राहते. गुपचूप जेल खाते. आणि एक दिवस सगळं फुटतं. हे तुमचेच शब्द आहेत, साहेब. मी पाठ केलेले.

लग्न उरकून कामावर आले, त्या दिवशी तुम्ही स्वतः लाइनवर उतरलात. माल न्यायची गाडी गेटवर उभी होती.

"बंद करा पंप. माल बाहेर काढा."

मी काचेतून बघत होते. "सर, अजून बुडबुडे येताहेत."

"बसतील आपोआप. दिपमाला, बंद कर."

दिपमाला आमची लाइन लीडर. बोदवडहून रोज गाडीने येते. माझ्या डब्यातली शेवभाजी तिला लागायची, तिच्या डब्यातलं लोणचं मला. तिने माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

म्हणूनच केबिनमध्ये मला भीती वाटली नाही. दिपमाला शेजारीच उभी होती. लग्नात तिनेच माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "काय बाई आहेस तू! आजच्या दिवशी तरी लावायचीस." मी तुम्हाला मोबाइलमधला फोटो दाखवला. मंतशाच्या लालभडक हातांशेजारी माझे कोरे हात. तुम्ही नीट पाहिलंही नाही.

"फोटोचं काय, कधीचाही असेल. दिपमाला, तू लग्नाला होतीस. मेंदी होती?"

दिपमाला त्या जळक्या मॉड्यूलकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"लग्नघर होतं सर. असेलच."

असेलच! नव्हती म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते. होती म्हणाली असती तर तिथेच भांडले असते. 'असेलच'शी कसं भांडायचं?

मला कामावरून काढलंत, ते राहू द्या. वाईट वेगळंच झालं. एका रात्री मी उठून दिव्याखाली स्वतःचे हात बघत बसले. नखाच्या कडेला काही राहिलं होतं का? कोणाचा हात हातात घेतला होता का? इसाक म्हणाला, "तू लावलीच नव्हतीस." मी म्हटलं, "असेल." हे तुम्ही केलंत. माझ्याच तोंडून.

म्हणून मी धुळ्याला गेले. दवाखान्यात तो माणूस, छगन, खाटेवर बसला होता, डोळ्यांवर पट्ट्या. पिंपळनेरचा, जेमतेम तिशीचा. त्याची आई उशाशी.

"कोन शे वं माय तू?"

"जळगावहून आले. तो माल माझ्या हातचा होता."  "माफी मागायला आले. माझ्या हाताच्या मेंदीने तुमचे डोळे..."

छगनने मान आवाजाकडे वळवली.

"कशानी मेंदी, ताई? माले त तुमना जळगावना सायेब सांगी गया, चूक मनीच शे. चालू मशीनना दरवाजा मी घाईमा उघाडा."

"उघडला होतात?"

"नही. मी लांब उभा व्हतू. धडाका व्हयना आनि दरवाजाच मना आंगवर उना." तो बोटांनी चादरीची कड चाचपू लागला. "पन बठ्ठा लोक तेच म्हनतस. आते मालेबी वाटस, उघाडा व्हई."

उघाडा व्हई. म्हणजे उघडला असेल. त्याच्याही तोंडात तोच शब्द.

मी त्याला पंपाची गोष्ट सांगितली. बुडबुड्यांची, गेटवरच्या गाडीची.  त्याच्या आईने माझे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर उलटेपालटे केले. लेकीचे बघावेत तसे.

"ह्या हात?" ती म्हणाली. "ह्या हातस्ना नाव लिधं का मेल्यासनी?"

परवा मंतशा माहेरी आली. कोन घेऊनच आली. "अम्मी, आता तर कंपनी नाही. आता लाव." मी नाही म्हटलं. कोन खिडकीत पडून सुकला. हे हात मला असेच हवेत, साहेब, तुमच्यासमोर ठेवायला.

स्फोट एकच झाला. मला सांगितलंत, तुझी मेंदी. छगनला सांगितलंत, तुझं दार. मी मेंदी लावली नव्हती, त्याने दार उघडलं नव्हतं, आणि आम्ही दोघंही "असेल" म्हणायला लागलो होतो.

आता मला दिपमालाचं सांगा. तिने तुमच्या हुकमावरून बटण दाबलं, हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. मला केबिनमध्ये बोलावण्याआधी तुम्ही तिला एकटीला आत घेतलं होतं. दार लावून घेतलं होतं.

तिला काय सांगितलंत? तुझं बटण?