दोनशेच्या पुढे

"एक."

ऋतुजाने मोजत हवेत ठोसा मारला. समोर इंद्रजीतनेही. दोघांचे पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, घोड्यावर मांड टाकल्यासारखा पवित्रा. खाली नारायण पेठेतल्या शाळेची गार फरशी. कराटे क्लासचा नियम जुना होता: परीक्षेत मोजणाऱ्यानेही त्याच पवित्र्यात ठोसे मारायचे. तो 'यामे', म्हणजे थांबा, म्हणेपर्यंत परीक्षा देणारा खाली बसला, की नापास.

"बारा. खांद्याने ढकलू नका. टाचेतून येऊ दे जोर."

"मीच शिकवलंय तुला ते."

"हो ना. बरंच काही शिकवलंत."

तीन वर्षांपूर्वी ती त्याच्याशी लढतीत जिंकली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुझा पवित्रा तपासतो. तपासताना लाथ मांडीवर मारायची असते. त्याने गुडघ्यावर मारली. ऑपरेशन. आठ महिने. राष्ट्रीय स्पर्धा गेली. सरांना म्हणाला, चुकून लागली. मग नोकरीसाठी बंगळूर. आता परत, वरच्या पट्ट्याच्या परीक्षेसाठी.

मोजणारी ऋतुजा. ते काम तिने मागून घेतलं होतं.

"नव्वद. अजून खाली. की पाट मांडून देऊ?"

तो आणखी खाली गेला.

"दोनशे."

मोजणारे सगळे इथेच थांबतात. निकाल लिहायला बाकावर बसलेल्या श्यामसुंदर सरांनी पेनला टोपण लावलं.

"दोनशे एक."

सरांनी टोपण काढलं.

दोनशे चाळीसला तिचा तोच गुडघा जळायला लागला. दोनशे साठला थरथरायला. कंबर फिरत होती, मूठ नेमकी जात होती, आवाज मात्र फाटला. इंद्रजीतची नजर तिच्या गुडघ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"दोनशे चौसष्ट."

तो धप्पकन खाली बसला.

"नाही जमत, सर."

ऋतुजाने त्याच्या मांड्यांकडे पाहिलं. एक शीरही उडत नव्हती. श्वास संथ.

"नापास," सर म्हणाले. "ऋतुजा, ऊठ आता."

ती उठली नाही.

"इंद्रजीत, मी यामे म्हटलेलं नाही."

"अगं, तुझा गुडघा…"

"पवित्रा घ्या."

तो उभा राहिला, पाय फाकवले, गुडघे वाकवले. या वेळी त्याने मान खाली घातली होती.

"समोर बघा," ती म्हणाली. "दोनशे पासष्ट."