टमटमची किल्ल्यावर स्वारी

मी एक जुनी टमटम आहे, मित्रांनो, आणि माझा शब्द न शब्द खरा आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, असे कागद सांगतात. कागदांना काय कळते! ऐन तारुण्यात मी आगाशीच्या बाजारातून अशी सुटायचे, की माझी सावली आठवड्याने घरी पोहोचायची. माझा भोंगा ऐकून अर्नाळ्याची भरती बाजूला सरायची. पुढे रस्त्यावर नव्या गाड्या आल्या आणि मी उमेळ्यात माझे मालक आणि चालक ऑस्करकाका यांच्या अंगणात चिकूखाली गंजत पडले. कोंबड्यांनी माझ्यात संसार थाटला.

यंदा काकांच्या लेकीने, ब्रेंडाने, घरातच प्रवाशांसाठी हॉस्टेल काढले. पाहुण्यांना जुनी ठिकाणे दाखवायला काकांनी मला घासूनपुसून उभे केले. ब्रेंडाने बजावले, "पप्पा, आज एकाही पाहुण्याने तक्रार केली, तर ही भंगारात." भंगारवाल्याला संध्याकाळचा निरोपही गेला होता.

सकाळी आम्ही नालासोपाऱ्याचा स्तूप गाठला. पुण्याची उन्नती, नागपूरचा विघ्नेश आणि हॉस्टेलात कालच ओळख झालेली त्यांची मंडळी हरखून गेली. पुढे किल्ल्यावर जायला सगळे परत येऊन बसले आणि तिथेच प्रवासी भरायच्या जुन्या सवयीने काकांचा घात केला. कोपऱ्यात रिकामी जागा दिसताच ते ओरडले, "चला किल्ला, एक सीट, एक सीट!"

गाडी तर अख्खी पाहुण्यांची. पण विकून उरलेल्या मासळीची पाटी घेऊन किल्लाबंदरच्या यमुनामावशी आत बसल्यासुद्धा. काकांनी जीभ चावली. उन्नतीने ओढणी नाकाला लावली आणि हे ब्रेंडाच्या कानावर घालावे लागेल, असे ती म्हणाली. माझे पत्रे गार पडले.

मावशी मात्र शांत. "हजार वरसांचं जुनं बगाला आलाव, आनी माज्या आजच्या मासलीला नाक मुरडताव?"

विघ्नेश फसकन हसला. मग उन्नतीलाही हसू आवरेना. ओढणी खाली आली.

किल्ल्याचा दरवाजा समोर दिसला आणि मी, खोटे कशाला सांगू, बंद पडले. काका घामाघूम झाले. मावशींनी पदर खोचला, मंडळींना माझ्यामागे उभे केले आणि होडी लोटताय असे समजा म्हणून दरडावले. मी खोकले, थरथरले आणि अशी गरजले, की तटावरचे पारवे थेट आगाशीला जाऊन बसले. काळ्या धुरातून मंडळी विजयी सैन्यासारखी आत शिरली.

संध्याकाळी ब्रेंडा फाटकात उभीच होती. उन्नतीने मासळी सांगितली, धूर सांगितला, ढकलणे सांगितले. ब्रेंडाचा चेहरा उतरत गेला. मग उन्नती म्हणाली, "उद्या तुंगारेश्वरला हीच हवी. ढकलायला आम्ही आहोत."

भंगारवाला आला तसा रिकाम्या हाताने गेला. कोंबड्यांनाही दुसरे घर शोधावे लागले.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात कुणी गंजत पडले असेल. त्याची नुसती पूजा करू नका. तेल घाला, हवा भरा, कामाला लावा. अडलेच, तर मागून एक धक्का द्या. चढ आमचा आम्ही चढतो.