आत्याचे वीस सेकंद

माझी आत्या बावीस वर्षं विनोदी प्रहसनांत काम करतेय. रंगमंचावर तिची एकेचाळीस लग्नं झालीत, खरं एकही नाही. आजोबांना अजून आशा आहे की बेचाळिसावं तरी घरचं असेल.

एकाच प्रहसनात तीन-तीन माणसं करणं ही तिची खासियत. विंगेत वीस सेकंदांत कपडे बदलायचे. कपडे पाठीकडून उघडे, वेल्क्रोवाले. खुर्चीवर ढीग असतो. वरचा उचलायचा, हात घालायचे, टोप चढवायचा, पळायचं. पण हल्ली आत्याला पंचवीस लागत होते. गुडघा, दुसरं काय. दिग्दर्शकाने स्पष्टच सांगितलं, शनिवारी दुपारच्या खेळाला तो विंगेत घड्याळ घेऊन बसणार. एकदा जरी उशीर झाला, तर पुढच्या हंगामात तिच्या जागी कुणीतरी पंचविशीतली.

आणि नेमक्या त्याच दिवशी कपडेवाल्या काकू तापाने फणफणल्या. मी म्हटलं, मी आहे ना. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला जगात काहीच अवघड वाटत नाही.

संहिता वाचून मी ढीग लावला: आधी डॉक्टर, त्यावर हवालदार, त्यावर आजीबाई. अगदी क्रमाने. ढीग वरून उचलतात, हे डोक्यात आलंच नाही.

खाटेवर रुग्ण झालेले काका, म्हणजे आत्याचे जुने जोडीदार, "डॉक्टर, मी वाचेन ना?" असं कण्हले आणि रंगमंचावर गेली पांढऱ्या केसांची आजीबाई. काका खरंच आजारी दिसायला लागले.

आत्या सावकाश खाटेवर टेकली.

"डॉक्टर जेवतोय. मी त्याची आई. जीभ दाखव."

प्रेक्षक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. हवालदार मधलाच, तो बरोबर आला. शेवटी आजीबाईने रडत यायचं, तिथे डॉक्टर ढेकर देत आला आणि म्हणाला, "आई काही बोलली का?"

दिग्दर्शक पोट धरून खाली बसला होता. त्याने एकही बदल मोजला नव्हता. डोळे पुसत म्हणाला, पुढचा हंगाम तुझाच, पण प्रहसन आता असंच करायचं.

"ढीग तू लावलास ना, ठमे?" आत्याने विचारलं. मी मान खाली घातली. "उद्याही तसाच लाव."

रविवारी मी इतकी काळजी घेतली, तीनतीनदा तपासलं, की ढीग संहितेप्रमाणे बरोबर लागला, डॉक्टर सगळ्यात वर. डॉक्टर वेळेवर खाटेपाशी हजर.

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग बारीक आवाजात म्हणाले, "आई नाही आली?"