भिंतीकडची बाजू

घड्याळजी टेम्पोत सोफ्याच्या शेजारी बसूनच कारखान्यात आले. उतरताच म्हणाले, "फोम नवा घाला, पण हिच्या बसण्याचा खड्डा जसाच्या तसा हवा. केसभर फरक नको."

ही म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन चार महिने झाले होते. रोज संध्याकाळी ते समोर खुर्ची ओढून त्या खड्ड्याशी तासभर बोलत, आणि हे त्यांनी न लाजता सांगितलं. आता फोमचा भुगा होऊन शिवणींतून पिवळी पूड गळत होती. खड्डा पसरत चालला होता.

"तो गेला की ती गेली," ते म्हणाले.

"मोजून करते, काका," कारागीरबाई म्हणाली.

तिनं रसायनशास्त्राची पदवी घेतली होती आणि वडिलांमागे सोफे दुरुस्तीचा हा कारखाना चालवायला घेतला होता. मोजण्याची खोड तिकडचीच. शिवणयंत्रावर बसणारी मावशी म्हणायची, "हिच्यासमोर दूध उतू गेलं, तर ही आधी किती गेलं ते बघेल, मग गॅस बंद करेल."

सोफा मोठा गमतीचा होता. इटलीतल्या काही बंडखोर तरुणांनी एके काळी काढलेला हा नमुना. त्याला लाकूड नाही, स्प्रिंग नाही, पाय नाहीत. फोमचा एक लांबलचक ठोकळा घ्यायचा आणि तापल्या तारेनं मधून लाटेसारखा कापायचा. एक लाट आडवी टाकली की बैठक, दुसरी तिच्यामागे उभी केली की पाठ. वर चकचकीत लाल रेक्झिन. बनवणाऱ्यांचं म्हणणं, हवा तसा मांडा. घड्याळजींकडे मात्र सव्वीस वर्षं तो एकाच तऱ्हेनं मांडलेला होता.

बैठकीचं काम सरळ होतं. तिनं वरून दोरे ताणले, दर बोटभर अंतरावर पट्टी खाली सोडली आणि आकडे चौकटीच्या कागदावर उतरवले. खड्डा डाव्या टोकाला, बावीस मिलिमीटर खोल. दुपारपर्यंत नव्या फोममध्ये तो हुबेहूब कोरून झाला.

मग तिनं पाठीचं रेक्झिन उतरवलं. लाटेच्या बाजूला डोकी टेकल्याच्या पुसट खुणा होत्या. मागची सपाट बाजू जन्मभर भिंतीला लागलेली, तिथं काहीच असायचं कारण नव्हतं. पूड झटकायला तिनं हात फिरवला आणि तळवा खाली गेला.

तिनं पाठ टेबलावर आडवी केली आणि वर एक जुनी चादर टाकली. चादर हळूहळू बसत गेली. आधी खांदा दिसला, मग कंबर, दुमडलेले गुडघे, टाचा. कुशीवर निजलेल्या बाईच्या अंगावरून घातल्यासारखी ती चादर दिसत होती, फक्त उलटी, आत गेलेली.

मावशीनं यंत्र थांबवलं. "काढ ती चादर."

"कंबरेपाशी एकतीस आहे, मावशी."

"असू दे! तुला बैठकीचा खड्डा सांगितलाय, तेवढा कर. लोकांच्या संसारात पट्टी घालू नकोस."

"जसाच्या तसा म्हणालेत ते. मी अर्धाच देऊ?"

"कधीकधी अर्ध्यातच शहाणपण असतं गं बाई."

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजींना बोलावून घेतलं. टेबलावर बैठकीची लाट खाली ठेवून पाठीची लाट तिच्यावर पालथी घातली. जिथं तारेनं कापलं होतं तिथं दोन्ही चपखल मिटल्या. वर सपाट पलंग झाला, आणि पलंगावर तो खड्डा.

घड्याळजी उघड्या घड्याळात बघावं तसे वाकले. "हे काय?"

"तुम्ही कधी झोपायचात का यावर?"

"छे. मी आतल्या खोलीत. नऊला आडवा होतो, ते थेट सहाला. उठतो तेव्हा हिचा चहा तयार असायचा, आणि सोफा..." ते थांबले. "सोफा जागेवर असायचा."



"डोकं कुठं?" त्यांनी विचारलं.

"या टोकाला. लाटेत लाट एकाच तऱ्हेनं बसते, त्यामुळे ते नक्की आहे. गुडघे इकडे, म्हणजे तोंड खोलीकडे. समोर काय येतं?"

"माझ्या खोलीचं दार."

मावशी घाईनं म्हणाली, "घोरत असाल हो तुम्ही! आमचे हे घोरायचे तर शेजारी भिंत ठोकायचे."

"मी कधी हात उचलला नाही तिच्यावर," घड्याळजी म्हणाले.

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मावशीनं मान खाली घातली आणि रिकाम्या सुईत दोरा ओवत बसली.

"किती वर्षं?"

"ते सांगता येत नाही. पण हा खड्डा बसण्याच्या खड्ड्यापेक्षा खोल आहे. फोमला वजन कळतं, काका. कारण कळत नाही."

"दार बंद असायचं माझं," ते स्वतःशीच म्हणाले. "तिला तिथून कडी दिसत असेल. एवढीच." मग कारागीरबाईकडे वळून म्हणाले, "चार महिने मी त्या बैठकीशी बोलतोय. आधीही मीच बोलायचो. ती ऐकायची. मला वाटायचं, ऐकते म्हणजे बरं चाललंय."

कारागीरबाईला वाटलं, आपण चादर काढायला हवी होती, मावशी म्हणाली तशी.

"बैठक तयार आहे," ती म्हणाली. "पाठीचं काय करू?"

घड्याळजींनी हात पुढे नेला, पण खड्ड्याला लावला नाही.

"तो ठेवा. आहे तसा, भिंतीकडच्या बाजूला. तिचा आहे. आणि बैठक सपाट करून द्या."

"पण काका, ती तर तुम्ही..."

"सपाटच. फार बोललो मी."

ते निघाले. दार समोरच होतं, चार पावलांवर. पण त्या पलंगाच्या पुढून ते गेले नाहीत. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेतून, अंग चोरत, मागच्या बाजूनं गेले.