लहानग्यांचा ताप

या भागातून बेरमेतला काय मिळायचं होतं ते आधी सांगून टाकतो: पडद्यावर नाव. आमच्या डॉक्टरी मालिकेत ती पहिल्यापासून बोलोतचे रशियन संवाद किर्गीझमध्ये आणत होती. त्याबद्दल शेवटच्या धावत्या यादीत, ड्रायव्हरांच्या खाली आणि जेवणवाल्यांच्या वर, 'भाषा' या शब्दापुढे तिचं नाव पळत जायचं. ते कोणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. या वेळी दिग्दर्शक म्हणून बोलोतने शब्द दिला होता, की गोष्ट तुझी तर नाव सुरुवातीला, मोठ्या अक्षरात, एकटं.

बोलोतला हवा होता गाजणारा भाग, कारण मालिका पुढे चालवायची की गुंडाळायची, हे चॅनेल ठरवणार होतं. आणि आमचा नायक, मेलिस, त्याला हवं असतं ते त्याला दर भागात मिळतंच. कॅमेरा त्याच्या नाकापर्यंत येतो आणि तो डोळे बारीक करून रोग ओळखतो.

या सगळ्यांच्या हिशेबात जिबेक कुठेच नव्हती. दुखणं मात्र तिचं होतं.

जिबेक ही बेरमेतची चुलत भावजय. नारीनकडे डोंगरातल्या गावात सासू-सासऱ्यांजवळ राहते. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात तिला ताप यायला लागला. दिवसभर ठीक, संध्याकाळ झाली की अंग पेटायचं, पहाटे अंथरूण घामाने भिजायचं, आणि कंबर अशी धरायची की बादली उचलवेना. त्यात तिला दिवस गेलेले. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नवा होता, राजधानीत शिकलेला, किर्गीझ बोलताना मधेच अडकणारा. त्याने आधी टायफॉइड धरला, मग सांधे धरले, मग क्षय. औषधं बदलत गेली, ताप तिथेच राहिला.

त्याने विचारलं होतं, नाही असं नाही. "वसंतात काय काम केलंस?"

आणि जिबेकने सरळ उत्तर दिलं होतं, "थंडी फार होती. लहानग्यांना घरात घेतलं, पुसलं, कुशीत घेऊन झोपले."

डॉक्टरला वाटलं, घरात पोरंबाळं आजारी असणार. तो गोवर-कांजिण्या शोधत बसला.

आता यातली गोम अशी, की जिबेकच्या सासऱ्याचं नाव कोझुबेक. कोझु म्हणजे कोकरू. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडी आणत नाही आणि त्या नावात बसलेला शब्दही आणत नाही. मग कोकराला 'लहानगं' म्हणायचं, लांडगा कोणाच्या नावात असला तर त्याला 'रात्री ओरडणारा' म्हणायचं, असं प्रत्येक घराचं वेगळं बोलणं तयार होतं. घरच्यांना ते इतकं अंगवळणी पडतं, की दवाखान्यात खाटेशी उभ्या असलेल्या सासूलाही कळलं नाही, डॉक्टरने काय ऐकलं असेल. तिला वाटलं, सांगितलं की सुनेने.

शेवटी बेरमेत बिश्केकहून गेली. तिने खाटेवर बसून ते सगळं पुन्हा वदवून घेतलं आणि डॉक्टरला म्हणाली, "अहो, लहानगी म्हणजे कोकरं. ओली, नुकती जन्मलेली. ही त्यांच्यात झोपली आहे." मग रक्त तपासलं. ब्रुसेला, जनावरांकडून येणारा ताप. तोवर गर्भ गेला होता आणि मणक्यात दुखणं मुरलं होतं.

इथे डॉक्टरने मान खाली घालायला हवी होती. त्याने आवाज चढवला. भरल्या व्हरांड्यात, निम्मं गाव भेटीला आलेलं असताना, तो जिबेकवर ओरडला, "मी विचारलं होतं ना? जनावरांचं काम लपवलंस. खोटं बोलून स्वतःचं मूल घालवलंस."

ते वाक्य डोंगरात राहिलं. डॉक्टर शिकलेला, तेव्हा त्याचं खरं. विहिरीवर बायका जिबेकला जागा द्यायच्या, पण तिच्या भांड्यातलं पाणी कोणी घेत नसे. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा ओतता ओतता सांगायची, "एक शब्द बोलली असती तर आज नातू खेळला असता."

बेरमेतने फोन करून विचारलं, तुझी गोष्ट टीव्हीवर घेऊ का, तेव्हा मी शेजारी होतो. मी मालिकेचा आवाज घेतो. माझ्या खोलीत तिने फोन स्पीकरवर ठेवला होता.

जिबेकने आधी दार लावून घेतलं, ते फोनवर ऐकू आलं. मग म्हणाली, "घ्या, एजे." एजे म्हणजे ताई. "नाव बदला, गाव बदला, काहीही करा. फक्त डॉक्टरच्या तोंडून वदवा, की ती खोटं बोलली नव्हती, मला समजलं नाही. इकडे सगळे बघतात तुमची मालिका. तो टीव्हीतला डॉक्टर बोलला की मानतील."

"तेवढंच?"

"तेवढंच हवंय मला. बाकी तुमचं तुम्ही ठेवा."

बेरमेतने भाग लिहिला, आणि चांगला लिहिला. वाचनाच्या दिवशी मेलिस चहात बुडवून बुडवून बोरसोकचे तळलेले तुकडे खात होता. शेवटचं पान आलं तसा त्याने हात पुसला.

"हे कोण बोलतं? 'ती खोटं बोलली नव्हती. ती सांगत होती, मी चुकीचं ऐकलं.' हे मी बोलतो?"

"तुम्हीच, आगाय," बेरमेत म्हणाली. नटांना आमच्याकडे मास्तरांसारखं आगाय म्हणतात, आणि नटांना तो शब्द लवकर चढतो.

"माझा डॉक्टर चुकीचं ऐकत नाही. लोक मला बाजारात थांबवून नाडी दाखवतात. मी ऐकण्यात चुकलो, तर दाखवतील का?"

"तुमची नाडी कोण बघतं, आगाय?" मी विचारलं. कोणी हसलं नाही.

"असं करू," मेलिस म्हणाला, "सून बोबडी दाखव. म्हणजे मला समजणं अवघड गेलं, तरी मी समजलो."

"ती बोबडी नाही," बेरमेत म्हणाली. तिचा आवाज अजून खाली होता. "तिला जसं बोलायला शिकवलं तसं ती बोलली. सासरच्यांचा मान राखून बोलली. चूक ऐकणाऱ्याची आहे. हे वाक्य गेलं, तर भाग घेऊन मी घरी जाते."

बोलोतने दोघांना बाहेर नेलं, आधी एकाला, मग दुसरीला. मेलिस म्हणाला होता, वाक्य बोलेन, अक्षर न बदलता बोलेन. पण चूक कबूल करायची तर ती माझ्या मनातून आलेली दिसली पाहिजे. सुरुवातीला लेखक म्हणून माझं नाव टाका. पुढच्या वर्षी त्याला मालिका स्वतःच्या नावावर काढायची होती आणि लेखक म्हणवून घ्यायची ही संधी आयती चालून आली होती.

"आणि मी कुठे?" बेरमेतने विचारलं.

"आहेस तिथेच," बोलोत म्हणाला. "हे बघ, नाव काय, आज ना उद्या होतंच. वाक्य मात्र आजच होईल. तूच ठरव."

या बोलोतला मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. तो जेव्हा 'तूच ठरव' म्हणतो, तेव्हा त्याचं ठरलेलं असतं.

बेरमेत माझ्या खोलीत येऊन बसली. दात इतके आवळले होते तिने, की जबड्याची शीर दिसत होती. "घेऊ दे," ती म्हणाली. "नाव घेऊन मरू दे. पण एक अक्षर बदललं, तर मी त्याला कॅमेऱ्यासमोर थांबवीन."

शूटिंगच्या दिवशी ती नेहमीच्या जागी होती. सेटच्या खोट्या भिंतीमागे माझं यंत्र असतं. दुसरे हेडफोन लावून ती उच्चार तपासते. आम्हा दोघांना सेट दिसत नाही, आणि कधी दिसावा असं वाटलंही नव्हतं. आमचं काम कानाचं. मेलिसचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश: "ती खोटं बोलली नव्हती. ती सांगत होती. मी चुकीचं ऐकलं."

बेरमेतने डोळे मिटून ऐकलं. हातातल्या पानावर बोट ठेवून ऐकलं. अक्षर न अक्षर बरोबर होतं. तिने मला अंगठा दाखवला आणि मी ओरडलो, "आवाज पास."

भाग लागला त्या संध्याकाळी सगळे स्टुडिओतच बसलो होतो. मेलिसचं नाव मोठ्या अक्षरात आलं तेव्हा बेरमेत समसा खात राहिली. शेवटचा प्रसंग आला. मेलिसने ते वाक्य म्हटलं, आणि म्हणण्याआधी नर्सकडे पाहिलं. भुवई जराशी उचलली, गोरगरिबांना सांभाळून घेणारे लोक उचलतात तशी. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, वाक्य संपवलं आणि पुन्हा नर्सकडे पाहून हलकेच हसला. नर्सचे डोळे भरले. संगीत वाजलं.

खोलीत टाळ्या पडल्या. बेरमेतचा घास तोंडातच राहिला होता.

फोन लगेच आला. ती माझ्या खोलीत गेली, मीही मागोमाग.

"एजे, शब्द तेच होते ना?" जिबेकने विचारलं.

"तेच होते."

"मग इकडे असं का म्हणतात?"

"काय म्हणतात?"

"म्हणतात, काय देवमाणूस डॉक्टर आहे. सुनेचं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं. आई म्हणाल्या, परका माणूससुद्धा झाकून घेतो, आणि आमच्या वाट्याला ही आली." तिने आवाज खाली आणला. "आधी निदान आई आणि विहिरीवरच्याच म्हणायच्या. आता मामंजीही म्हणाले, झालं ते झालं, आम्ही तुला माफ केलं. एजे, मला माफ कशाबद्दल केलं?"

जिबेकनेच फोन ठेवला.

मग बेरमेत बाहेर आली, सरळ मेलिसपुढे गेली आणि त्याच्या हातातला पेला काढून टेबलावर आपटला. चहा त्याच्या शर्टावर उडाला.

"तू वाक्य विकत घेतलंस आणि चेहऱ्याने मारलंस," ती म्हणाली. आगाय नाही, तुम्ही नाही.

"एक अक्षर बदललं का?" मेलिसने शर्ट झटकला. "सांग ना. तुझ्याच माणसाने आवाज पास केला."

"आणि चेहरा?"

"चेहरा तू लिहिला नव्हतास."

तो खरंच इतकंच म्हणाला, आणि त्याला त्यात काही वाईट वाटलं नाही. बोलोत मधे पडला, आज आनंदाचा दिवस आहे वगैरे म्हणाला. बेरमेतने खुर्चीवरचा कोट उचलला, दोन्ही बाह्या नीट घातल्या, आणि पुन्हा त्या इमारतीत आली नाही.

आता कोणाला काय मिळालं ते मांडतो. चॅनेलने मालिका पुढे चालवली, ती बोलोतची कमाई. मेलिस लेखक झाला. मोठ्या मनाचा माणूस अशी ख्याती झाली, आणि बाजारात आता त्याला लोक नाडीसोबत मनही दाखवतात. तालुक्याच्या त्या डॉक्टरने शेवटच्या प्रसंगाची चित्रफीत सगळ्यांना पाठवली, खाली लिहून, की आमचा पेशा असा असतो. सासरा क्षमाशील ठरला आणि सासूला बोलायला नवा विषय मिळाला. बेरमेतने नाव दिलं आणि नोकरीही.

बाकी सगळ्याची किंमत जिबेकने भरली. मूल आधीच भरून झालं होतं, कंबर अजून भरते आहे. खोटारडी हा शब्द पूर्वी एका गावापुरता होता. आता सबंध देशाने मोठ्या मायेने तो तिच्या नावावर चढवला.