वळणावरचे अकरा सेकंद

रामजींनी मुठीतून चुन्याची फक्की सोडत डांबरावर पोराच्या नावातल्या ‘यु’चा उकार ओढला, मागे सरून पाहिला आणि चपलेच्या टोकाने थोडा दुरुस्त केला. एकेक अक्षर खाटेएवढं झालं होतं. या सगळ्या उठाठेवीतून त्यांना मिळणार होते अकरा सेकंद. परवा फोनवर आयुषनेच सांगितलं होतं, “बाबा, त्या मोठ्या वळणावर थांबा. चढ लई हाये तिथं, आमी सावकाश येतो. धा-अकरा सेकंद तरी दिसतो.” टपालखात्यातली एकतीस वर्षं रामजींनी याच घाटातून सायकल ढकलली होती, कुठे किती वेळ लागतो ते त्यांना पाठ होतं. अकरा म्हणजे अकरा. तेवढ्यात सगळं धारखेडा त्यांच्या पोराला वर चढताना पाहणार होतं, आणि तेवढा वेळ तरी दादारावांचं तोंड बंद राहणार होतं. गावात आजवर एवढी सवलत कुणाला मिळालेली नव्हती.

शर्यत आठ टप्प्यांची होती. आजचा सहावा, नांदेडहून कळमनुरी, हिंगोली करत औंढ्याच्या डोंगरात शिरणारा. सकाळपासून वळणावर तीन मारामाऱ्या झाल्या होत्या. पहिली लिंबाच्या सावलीवरून, दुसरी कठड्यावर कुणी बसायचं यावरून आणि तिसरी कशावरून ते मारणाऱ्यांनाही नंतर आठवेना. सायकलची शर्यत गावाने कधी पाहिली नव्हती, पण गर्दी कशी करायची हे गावाला शिकवावं लागत नाही. तिसऱ्या मारामारीत ग्यानबाने एकाचा कान फाडला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आपल्या काकासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडली. काका म्हणजेच दादाराव. वय चौऱ्याऐंशी. मान थरथरायची, जीभ नाही.

औंढ्याचे सायकलवाले चाँद पाशा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून फोनवर शर्यत पाहत होते. आयुषला पहिली गिअरची सायकल त्यांनीच जुन्या भागांतून जोडून दिली होती.

“रामजीभाऊ, आपली माणसं आवरा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “कायदा सख्त हाये. परवा एका गड्याच्या मेव्हण्यानं दुसऱ्या टीमवाल्याला नुसता धक्का मारला, तर पंचांनी त्या गड्यालाच घरी धाडलं. आपलं पोरगं अजून कच्चं हाये टीममधी. ही रेस सरळ पार पडली तरच कायम करणार त्याला.”

“आपली माणसं म्हंजी कोण? मी आन तुमी.”

“मंग सोताला आवरा.”

रामजी हसले. हातांची फक्की धोतराला न पुसता त्यांनी बाजूला ठेवलेला वेळू उचलला. आयुषचा फोटो छापलेलं कापड त्याच्या टोकाला बांधलं होतं. फोटोत आयुष हसत होता, आणि वाऱ्याने कापड हललं की जरा जास्तच हसत होता.

फोनवर आयुष दिसला तशी चाँद पाशांभोवती डोक्यांची दाटी झाली. आयुष पुढे नव्हता. तो मुद्दाम मागे पडत पडत टीमच्या गाडीपाशी गेला. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याला पाण्याच्या बाटल्या देऊ लागला. आयुष त्या अंगातल्या बनियनमध्ये पाठीवर कोंबत गेला, इतक्या की पाठीला कुबड आलं.

“सात,” चाँद पाशांनी मोजल्या.

ते ओझं घेऊन आयुष पुन्हा चढाला लागला. घामाने निथळत एकेका सोबत्याला त्याने गाठलं, बाटली दिली, पुढच्याला गाठलं. सगळ्यांत शेवटी धर्मसिंगला. धर्मसिंग टीमचा मुख्य, पतियाळ्याचा, आज जिंकवायचं ते त्यालाच. त्याने बाटली तोंडाला लावली, उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं आणि रिकामी बाटली भिरकावून दिली.

“सहा वाटल्या. एक ठेवली,” चाँद पाशा पुटपुटले. ते कुणी ऐकलं नाही.

“काहून रे रामजी,” दादाराव खुर्चीतून म्हणाले, “लेकरू शर्यतीला धाडलं व्हतं ना तू? ते तर पाणी वाहून राहिलं.”

लोक हसले. आधी खुर्चीजवळचे, मग कठड्यावरचे.

“टीमचं काम असतंय ते, दादाराव,” चाँद पाशा म्हणाले. “एकाला जितवायला सगळे मेहनत करतात. आज त्याची बारी, उद्या ह्याची.”

“व्हय, उद्या,” दादाराव म्हणाले. “आमच्या घरी बी सालगड्याला असंच सांगायचे.”

तेवढ्यात फोनवर धर्मसिंगने आयुषच्या पाठीवर हात ठेवला, वाकून त्याच्या कानाशी काही बोलला आणि त्याला पुढे केलं. आयुषने एकदा मागे पाहिलं. धर्मसिंगने हाताने पुन्हा खूण केली, जा. आयुष सगळ्यांच्या पुढे झाला, मान खाली घालून, आणि धर्मसिंग त्याच्या चाकाला चाक लावून मागून येऊ लागला.

“आता बराबर,” दादारावांनी मांडीवर थाप मारली. “म्या सोता पाह्यलंय, आठ वर्साचा असंन. निजामाचं राज. तहसीलदाराचा घोडा ह्याच घाटानं वर जायचा आन रामजीचा आजा घोड्याम्होरं पळायचा. काय पळायचा! घोड्याला फेस यायचा, त्याला न्हाई. पणतू बी त्याच मापाचा निघाला. घोडा तेवढा बदलला.”

या वेळी हसू मोठं फुटलं. ग्यानबाने तर शिट्टी मारली.

गोष्ट खोटी नव्हती, हीच तिची अडचण. रामजींचे आजोबा गावचे वेसकर होते. साहेब आला की त्याच्या पुढे पळणं हे त्यांचं काम, उन्हातही आणि तापातही. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर रामजींच्या वडिलांनी वेसकराची काठी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि त्या घरात पुन्हा कुणी ती उचलली नाही. तेव्हापासून ही गोष्ट चारचौघांत निघत नसे. घरोघरी जपून मात्र ठेवलेली होती.

 रामजी वेळूच्या टोकाला फोटोचं कापड गुंडाळू लागले, घट्ट, एकावर एक वेढे देत.

“आता काहून गुंडाळता?” चाँद पाशांनी विचारलं. “पोरगं तर आत्ता येऊन राहिलं.”

खालून भोंगे ऐकू आले. पोलिसांची मोटारसायकल गर्दी फाडत गेली आणि गर्दी तिच्या मागे लगेच मिटली. रस्ता उरला जेमतेम दोन हात. कुणी थाळी बडवत होतं, कुणी ओरडत होतं; कशासाठी ते ज्याचं त्याला. आणि मग वळणाच्या खालच्या टोकाला आयुष दिसला.

चार सेकंद रामजींनी पोराला पाहिलं. गाल आत गेलेले, मांड्यांच्या शिरा दोरखंडासारख्या. डोळे गर्दीत काहीतरी शोधत होते. एक हात पाठीकडे गेला होता. रामजींना वाटलं, कंबर दुखत असेल. मागे हातभर अंतरावर धर्मसिंग होता, ताजातवाना, दुसऱ्याच्या आडोशाने आलेला.

“हाऽऽल घोड्या!” खुर्चीमागून कुणीतरी ओरडलं.

पाचव्या सेकंदाला आयुष पुढून गेला आणि रामजींनी वेळू आडवा घातला.

तो धर्मसिंगच्या पुढच्या चाकात शिरला. काड्या मोडल्याचा आवाज सुक्या तुरीच्या भाऱ्यावर पाय पडावा तसा झाला. धर्मसिंग सायकलवरून उडून खांद्यावर आपटला आणि त्याच्या खांद्यातून आणखी एक, वेगळाच, छोटा आवाज आला. मागचे दोघे त्याच्यावर कोसळले. एकाचं तोंड डांबरावर घासत ‘ष’पर्यंत गेलं. पांढऱ्या फक्कीत रक्त उतरलं.

“पळ!” रामजी ओरडत होते. “मागं कोनी न्हाई आता! पळ आयुष, तुझ्यासाठी पळ!”

सायकलींमागून मोटारसायकलवर येणाऱ्या, शर्यतवाल्यांच्या शिट्टीवाल्याने गाडी तशीच आडवी टाकली आणि रामजींच्या कानशिलात हाणली. रामजी पडले. त्याने बुटाने बरगडीत दुसरी घातली. तोपर्यंत हसणारा ग्यानबा आता खुर्ची घेऊन धावला, काकाला तिच्यावरून उठवून, आणि ती त्याने शिट्टीवाल्याच्या पाठीत घातली. गावच्या माणसाला मारायचा अधिकार बाहेरच्याला कुणी दिला, असा त्याचा मुद्दा होता. टीमच्या गाडीच्या काचेवर पहिला दगड पडला. नंतरचे मोजता आले नाहीत. चाँद पाशा दोन्ही हात पसरून मधे शिरले, “अरे थांबा, अरे लेकरं हायेत ती,” आणि त्यांचे पुढचे दोन दात कुणाच्या कोपराने गेले ते त्यांना कळलंही नाही. कठड्यावरची माणसं लाथा घालत होती. खाली कोण आहे हे पाहायला कुणाला सवड नव्हती.

आयुष तीस-चाळीस पावलं वर जाऊन थांबला होता. त्याच्या पुढे रिकामा घाट होता. तो वळला. सायकल हातात धरून उतरत आला, तसतशी माणसं आपोआप बाजूला झाली. वेळू अजून रामजींच्या हातात होता. आयुषने वेळू पाहिला, त्यावर गुंडाळलेलं कापड पाहिलं आणि बापाच्या तोंडाकडे न पाहता धर्मसिंगपाशी बसला. पाठीमागून सातवी बाटली काढून त्याने धर्मसिंगच्या डोळ्यांतलं रक्त धुतलं. बाटली रिकामी होईपर्यंत धूत राहिला.

पोलीस आले. मागून येणारे सायकलवाले त्यांनी वळणाच्या खालीच अडवले. रामजींचे दंड दोघांनी धरले. तिथून पाच हातांच्या अंतरावर धर्मसिंगला रुग्णवाहिकेत चढवत होते. त्याचा खांदा एका बाजूने खाली आला होता, पण शुद्ध होती.

“वो बोतल क्यों खाली की?” त्याने आयुषला विचारलं. “वो तो तूने पापा के लिए रखी थी।”

आयुषने रिकामी बाटली पुन्हा पाठीवर कोंबली.

“इसीलिए तो तुझे आगे किया था। तेरा गाँव है, मैं आगे कैसे जाता? मिले पापा?”

आयुषने रुग्णवाहिकेच्या दाराची कडी हातात धरली.

“नहीं,” तो म्हणाला. “नहीं आए।”

रामजींनी मान खाली घातली. त्यांना धरणाऱ्या पोलिसांना वाटलं, आता म्हातारा पडतो. पण पडले नाहीत.

पांढऱ्या टोपीतले पंच वही घेऊन आले. कुणीतरी त्यांच्या कानी घातलं होतं.

“वो लड़का आपका कौन लगता है?”

“कोनी न्हाई.”

“और ये नाम?” पंचांनी रस्त्याकडे बोट केलं आणि मग रामजींच्या हातांकडे. हात मनगटापर्यंत पांढरे होते.

“कोनी लिवाय सांगितलं. लिवलं.”

पंचांना ते पटलं नाही. त्यांनी गर्दीतलं सगळ्यांत पिकलेलं डोकं शोधलं. दादाराव खुर्ची गेल्यामुळे पोराटोरांच्या आधाराने उभे होते.

“आप बुज़ुर्ग हैं। आप बताइए, ये उसका बाप है?”

भांडणं थांबली. चाँद पाशा तोंडावर रुमाल धरून दादारावांकडे पाहत राहिले. असा प्रसंग दादारावांना आयुष्यात मिळाला नव्हता. एक शब्द, आणि सगळा गाव ऐकायला उभा. त्यांनी रस्त्यावरच्या अक्षरांकडे पाहिलं. मग वर, आयुषकडे. त्यांची मान बराच वेळ हलत राहिली. ती होकारार्थी की नुसतीच, ते पंचांना कळेना.

“येडं हाये ते,” दादाराव शेवटी म्हणाले. “टपालवाला व्हता. त्याला लेकरूबाळ न्हाई.”

पंचांनी वहीत तसं लिहिलं. कागदोपत्री आडनावं जुळवून पाहायला दोन-तीन दिवस लागले असते आणि शर्यत परवाच संपत होती. पुढे होता म्हणून त्यांनी आधी एकट्या आयुषला हाताने खूण केली. शिट्टी वाजली.

नुकसान म्हणाल तर धर्मसिंगचं गळपट्टीचं हाड, चाँद पाशांचे दोन दात, शिट्टीवाल्याची पाठ, गाडीची काच आणि ग्यानबाची खुर्ची. दादारावांचं एक वाक्य खर्ची पडलं, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

आयुष सायकलवर बसला. पायाखालची फक्की चाकाला लागून थोडी वर गेली. तो एकटाच होता, पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. सगळं धारखेडा दोन्ही बाजूंना उभं होतं आणि कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता, दादारावांच्याही नाही. रामजींनी खालच्या टोकापासून मोजायला सुरुवात केली. पोलिसांनी दंड ओढले तरी ते मोजत राहिले, वळणाच्या वरच्या कठड्याआड पाठ दिसेनाशी होईपर्यंत.

बराबर अकरा भरले.